आवाज न करणारा पंप

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचा रक्तदाब आवाक्यात असेल आणि वहिनींनी तुमचं लोणचं अजून कुलपात ठेवलं नसेल, अशी आशा करतो. वर्षभराने माझं अक्षर बघून तुम्ही आधी चष्मा पुसला असेल. पुसा, पण वाचा.

इकडे सगळे मजेत आहेत, एक तलाव सोडून. तुम्हाला आठवत असेलच (पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढलेला माणूस काही विसरत नाही), डॉक्टरांनी तुमच्या बहिणीला गुडघ्यासाठी रोज पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून मी अंगणात पोहण्याचा छोटा तलाव बांधला. पाणी गाळायला लहान पंप घ्या, सावकाश फिरू द्या, दिवसभर चालला तरी वीज कमी खाईल, असं तुम्ही सांगितलंत. त्यावर मी चार पाहुण्यांदेखत म्हणालो, "दादा, हा पंप आहे की सलाईन?" तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात. तो कप हिने अजून कुणाला वापरू दिलेला नाही.

मी हट्टाने दांडगा पंप आणला. तो सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरत. हिची पोहण्याची टोपी त्याने दोनदा ओढून नेली. विजेचं बिल आलं तेव्हा ते शेजाऱ्यांचं असणार अशा खात्रीने मी त्यांना नेऊन दिलं (त्यांनी ते फार सहानुभूतीने परत केलं). शेवटी गुपचूप दुकान गाठलं. दुकानदाराने बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवून सांगितलं, वेग निम्मा केला की पाणी निम्मं जातं, पण वीज जेमतेम आठवा हिस्सा लागते. म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त तुम्ही ते कॅल्क्युलेटरशिवाय सांगितलं होतंत. मी पडेल चेहऱ्याने वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेऊन आलो.

पंप गुणी निघाला. इतका की त्याचा आवाजच येत नाही, आणि इथेच घात झाला. आमच्या घराला पंप म्हणजे गडगडाट अशी सवय. तिथून जाणारा प्रत्येकजण म्हणे, "अरे, पंप लावायचाच राहिला!" आणि बटण दाबून चालू पंप बंद करी. यात सूनबाई आल्या, आमचे वडील आले, आणि (तुमच्यापासून काय लपवायचं) पहिले दोन दिवस मीही आलो. मग मी ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'पंप चालू आहे. हात लावू नये.' तरी रोज तो बंदच सापडतो, आणि घरातला एकूण एक माणूस शपथेवर सांगतो की मी नाही. पाणी हिरवंगार झालंय. एक बेडूक राहायला आलाय, वडील त्याची सकाळी चौकशी करतात.

थट्टा राहू दे. नऊ दिवस ही पाण्यात उतरलेली नाही. जिना चढताना कठडा धरते, ते मला बघवत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. सलाईन हा शब्द मी मागे घेतो. चुकलंच माझं. रविवारी येऊन घरच्यांना पंपाबद्दल चार शब्द सांगाल का? माझं इथे कोणी ऐकत नाही.

आणखी एक ता. क. दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी लिहितेय. चिठ्ठी लागल्यापासून पंप मीच बंद करते. त्याशिवाय यांनी तुला पत्र लिहिलं नसतं. आज चालू केलाय, रविवारपर्यंत पाणी निवळेल. गुडघा दुखतो रे, पण तुमचा दोघांचा अबोला त्याहून जास्त दुखतो. यांना काही सांगू नकोस. ये. कप घासून ठेवलाय.