एक मांडी, दोन लेकरं

३ डिसें., बुध.
आमची लेक वर्षा बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. बाळ अशक्त. चार घोट ओढतं, डोळा लागतो, तोंडातून सोडवलं की रडतं. एकदा पाजायला बसली की तासन् तास उठणं नाही. थोरल्या चिमीचं दूध श्रावणात तोडलं, कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. आता तीच जागा बाळाला दिलेली तिला दिसते. पदर ओढते. आज बाळाच्या डोक्यावर चापट मारली. वर्षा ओरडली, मग स्वतःच रडली.

विहीणबाई म्हणाल्या होत्या, तुमच्या घरात आता बाईमाणूस नाही, बाळंतपण आमच्याकडे रोहण्यालाच करू. मीच हट्ट धरला. माहेर आहे म्हटलं. ही, वर्षाची आई, असती तर... उन्हाळ्यात गेली. पहिल्या वेळी सगळं हिनंच केलं, मी फक्त पाणी भरलं.

५ डिसें., शुक्र.
शेजारच्या शांताबाई सकाळी येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात, शेकतात. बाकी मी. भाकऱ्या वाकड्या होतात, वर्षा तशाच खाते.

उपाय सापडला. बाळ रडलं की चिमीला कडेवर घ्यायचं आणि मागच्या वाडीत न्यायचं. मी सांभार, कोथिंबीर तोडतो, ती जुड्या बांधल्यासारखं करते. वर्षाला निवांत पाजता येतं. मलाही त्या वेळी खोलीत थांबणं बरं नाही. बाप झालो तरी.

७ डिसें., रवि.
संकष्टी. केळझरच्या गणपतीला जाणं झालं नाही. शेताच्या धुऱ्यावरूनच, बांधावरून, त्या दिशेला हात जोडले. चिमीनंही जोडले. आता ती रडत नाही, पदर ओढत नाही. शांताबाई म्हणाल्या, "पोट्टी लय शहाणी झाली हो." बरं वाटलं. वर्षा पोटभर जेवली. गणराया, तुझी कृपा.

१० डिसें., बुध.
दुपारी बाळ कुरकुरलं. मी उठायच्या आत चिमी चपला घालून दाराशी उभी. "आबाजी, चाल."
वर्षानं आतून हाक मारली. चिमे, ये माझ्याजवळ. हिनं वळूनही पाहिलं नाही. "बाळ पेते," एवढंच म्हणाली.
आलो तेव्हा वर्षा भिंतीकडे तोंड करून होती.
"बाबा, चिमी माह्याकडं पाह्यतबी नाई आता."
मला वाटलं पोर रमली. मी तिला एवढंच शिकवलं की बाळ पीत असेल तिथं तुझी जागा नाही. शांतपणे, रोज, कडेवर घेऊन.

११ डिसें., गुरु.
विहीणबाईंचा फोन. शांताबाईंकडून कळलं म्हणे, पोरगी आईवाचून मस्त राहते. "मंग मी नेतो ना भाऊ तिले. बाळ जरा बाळसं धरीन तवरीक राह्यीन माह्याजवळ." रविवारी जावयासोबत येतात.
त्यांच्या मनात वाईट नाही. तेच अवघड आहे.
वर्षा म्हणाली, "तुमी नाई म्हना. मले सासूले नाई म्हनता येत नाई." मग बाळाला थोपटत, "आत्ताच अशी करून राह्यली. महिनाभरानं मले वळखीन का?"

१२ डिसें., शुक्र.
आज चिमीला बाहेर नेलं नाही. खोलीतच बसलो, वर्षाकडे पाठ करून, तुरीच्या शेंगा सोलत. असं कधी बसलो नव्हतो. तीही संकोचली, मग पाजायला लागली.
चिमी माझं बोट ओढू लागली. चाल. मी उठलो नाही. आडवी पडून रडली. बाळानं दूध सोडलं, तेही रडू लागलं. शांताबाई अंगणातून, "काऊन रडवून राह्यले जी पोरीले?"
शेंगा सोलत राहिलो. उठलो नाही.

१३ डिसें., शनि.
पुन्हा तसंच. रडली, पण कमी. मग माझ्या ओंजळीतला एक तुरीचा दाणा घेऊन गेली; वर्षाच्या तोंडात घातला, हे वर्षानं नंतर सांगितलं. मागून मांडी थोपटल्याचा आवाज आला, वर्षा म्हणाली, बस इथं. चिमी क्षणभर थांबली आणि माझ्या पाठीशी येऊन टेकली.
अजून आठवडा मिळाला असता तर.

१४ डिसें., रवि.
आले. डिंकाचे लाडू आणले आहेत. मी हात जोडून म्हटलं, पोरीला नका नेऊ. कारण नीट सांगता आलं नाही. खोलीत पाठ करून बसतो हे त्यांना कसं सांगावं.
"भाऊ, तुम्ही एकटे मानूस. दोन लेकरं अन् बाळंतीण, होते का तुमच्यानं?" आवाजात माया होती. डोळ्यांत पाणीही. हिची आठवण काढली.
वर्षा आत पाजत होती. जावई मोबाईल पाहत राहिले.
उशीर झाला म्हणून मुक्कामाला थांबले. सकाळी चिमीला घेऊन निघायचं.
देवापाशी दिवा लावला. काय मागावं सुचेना, हिचंच नाव तोंडात आलं.
चिमी ओसरीवर विहीणबाईंच्या मांडीवर लाडू खाते आहे. आत बाळ पुन्हा प्यायला लागलं. वर्षानं त्याला डाव्या बाजूला घेतलं आहे, उजवी मांडी मोकळी ठेवली आहे. दार लावू नका म्हणाली. ओसरीवरून त्या मांडीपर्यंत सरळ दिसतं.
मी मध्ये, दाराशी बसलो होतो. उठून बाजूला झालो.