मारणाऱ्यानं सांगायचं

सर,

रविवारी परीक्षा झाली. बारामतीचा माझा कराटेचा क्लास तुम्ही पाहिलेला नाही. पत्र्याची शेड आहे, खाली रबरी चटया आहेत, पडलं तरी फारसं लागत नाही. इंदापूरच्या शाळेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी होती आणि पडणं हा तिथला पहिला धडा होता. नियम मात्र तुमचाच ठेवला आहे. मूठ गालाजवळ थांबली पाहिजे, मधून पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. लागली, तर मारणाऱ्यानं स्वतः हात वर करायचा. परीक्षा तिथंच संपली, पुन्हा सहा महिन्यांनी. ज्याला लागलं त्यानं का नाही सांगायचं, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. तुम्ही कारखान्यातली फिटरची ड्यूटी संपवून थेट आला होता, नखांत ग्रीस होतं. म्हणालात, "त्याला काय इचारायचं? दोस्त असला तर न्हाय म्हणंल, वैरी असला तर व्हय म्हणंल. आपली मूठ कुठं थांबली ते आपल्याला ठावं असतं."

माझ्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. माझी जोडीदार तापानं आली नव्हती, म्हणून समोर तुम्ही उभे राहिलात. वडील भाजी बाजारात टाकून आले होते आणि दारातच थांबले होते. घरातून निघताना त्यांनी सांगितलं होतं, "पास झालीस तर चालू ठेव. न्हाय तर उद्यापासनं क्लास बंद. बारावी हाय." मी चिडून विचारलं, बारावी पास झाल्यावर तरी बंद होणार नाही ना? त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

पाचवा पंच. मी पुढे येते आहे, तुम्ही मागे सरकता आहात. चार वेळा मूठ जिथे थांबली तिथे ती थांबत नाही. ओठावर बसते. ओठाच्या आड दात आहेत हे मला बोटांच्या सांध्यांत कळतं. तुमची मान हलत नाही. परीक्षक माझ्या पाठीमागे बसलेले आहेत, त्यांना दिसलेलं नाही, पण आवाज गेला असावा. "लागलं का?" ते मला विचारतात. तुम्ही माझ्याकडे पाहता. तोंड मिटलेलं. मी म्हणते, "नाही, सर."

बेल्ट तुम्हीच बांधलात. बांधताना प्रत्येकाला तुम्ही काहीतरी बोलायचा, बहुधा टोमणा. एका जाड मुलाला म्हणाला होता, "तुला कारखान्यातला ऊस वाहायचा पट्टाच आणावा लागंल रं." मला काही बोलला नाहीत. गाठ ओढलीत आणि पुढच्याकडे वळलात. मला ती शिक्षा वाटली. मग हॉलमागच्या नळावर तुम्हाला चूळ भरताना पाहिलं. मोरीत पडलेलं पाणी लाल होतं. तोंड उघडता येत नव्हतं म्हणून तुम्ही बोलला नव्हता. वडील माझ्या पाठोपाठ तिथे आले. "सर, पोरीनं नाव काढलं." तुम्ही दुसरी चूळ घेतलीत आणि मान डोलावलीत.

त्यानंतरची चार वर्षं तुम्ही माझ्यासमोर उभे राहिला नाहीत. मला नव्या मुलांचा गट दिलात, चुकलं तिथे सुधारलंत, दिवाळीला काकूंनी केलेल्या करंज्या पाठवल्यात. पण जोड्या लावताना माझ्यासमोर नेहमी दुसरं कुणीतरी असायचं. मी वाट पाहत होते, तुम्ही विचाराल. तुम्हीही वाट पाहत होता, असं आता वाटतं.

मग तुम्हाला बारामतीच्या दवाखान्यात आणलं. एसटीत मी एकच वाक्य तयार करत आले होते. दुपार होती. काकू चहा आणायला खाली गेल्या. तुम्ही म्हणालात, "रविवारचा क्लास बंद ठिवू नकोस. आणि आधी फरशी पुसून घे, पोरं घसरत्यात." मी हो म्हटलं. तुम्ही विचारलंत, "आणखी काय सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि खिडकीकडे तोंड केलंत. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

आता रविवार. पिंपळीहून एक मुलगी येते, सोळा वर्षांची. ब्लॅक बेल्टला बसली होती. तिच्याइतकी तयार मुलगी माझ्या हातून झालेली नाही. शेवटच्या फेरीत तिनं हात वर केला. "मॅडम, लागलं." समोरची मुलगी म्हणाली, "हिचं काहीतरीच! नुसता वारा लागला." सगळे हसले. हिनं हात खाली घेतला नाही. "गालाला लागलं," ती म्हणाली. मी तिच्या नावापुढे रेघ ओढली.

तिच्या वडिलांनी मला फाटकापाशी गाठलं.

"मॅडम, कुणी बघितलं न्हाय. तुमी तर कागदात बघत हुता. खरं बोलली म्हणून पोरगी नापास, व्हय?"

"नियम आहे."

"मंग गप बसली असती तर?"

"पास झाली असती."

"झकास नियम हाय! तिच्या जागी तुमी काय केलं असतं?"

"हात वर केला असता," मी म्हटलं.

"अण्णा, चला ना," मुलगी त्यांची बाही ओढत होती. माझ्याकडे पाहून ती वाकली, आपण वाकतो तशी, आणि गाडीवर बसली.

काकू अजून इंदापुरातच आहेत. हे त्यांना वाचून दाखवता येईल. दाखवणार नाही. टाकायला पेटी नाही आणि लिहायला पत्ता नाही, हे सोयीचं आहे.

एक राहिलं. मी कागदात बघत नव्हते. तिची मूठ लागलेली मी पाहिली होती. पाहिली, आणि मगच मान खाली घातली आणि कागद चाळत राहिले, तिला गप्प बसायला वेळ मिळावा म्हणून. बराच वेळ चाळले. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे पाहत उभी होती. मी वर बघेपर्यंत ती थांबली होती, सर. मग तिनं हात वर केला.