शालूतली चाल

पापनाशम, वैशाखातला शुक्रवार, तिन्हीसांज

उद्या लग्न. तंजावूरहून आगगाडीनं आलो, मी शालू नेसूनच. माझा डावा पाय आखूड आहे, हे मुलाकडच्यांना ठाऊक नाही. बघायला आले तेव्हा मला आधीच पाटावर बसवलं होतं. "निऱ्या पायघोळ सोड, पावलं लहान टाक. पंचविसाव्या वर्षी जमलेलं मोडू नकोस," थोरली बहीण आक्का महिनाभर हेच घोकून घेत होती. लहान पावलं.

स्टेशनावर घामानं निथळत उतरले. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "किती सावकाश चालते पोर!" आई हसली. मी का बोलले नाही? लहान पावलं, दुसरं काही सुचलंच नाही.

परवा शालू पेटीत जाईल. मग रोज नदीवरून भरली घागर घेऊन सासूबाईंच्या पुढून चालायचं आहे.