माय एकटी राहते

६ ऑक्टोबर, सोमवार
कचेरीत स. १० ते दु. २. मायचा निराधार पेन्शनचा अर्ज परत दिला. कारण काय, तर रेशनकार्डावर मी आहे. धडधाकट मुलगा, वय चोपन्न. खिडकीतला म्हणाला, "कर्ता मुलगा असताना म्हातारी निराधार कशी?" म्हटलं, साहेब, हा कर्ता मुलगाच तिला उठवतो, बसवतो, न्हाऊ घालतो. म्हणून तर वर्ष झालं कामावर जाता येईना. जो सांभाळतो त्याच्यासाठी काही आहे का? त्यानं फॉर्म उलटासुलटा करून बघितला. "सांभाळणाऱ्याचा रकानाच नाही हो यात." बिचाऱ्यानं खरंच शोधला.
घरी आलो तर मायची चादर ओली. शेजारच्या शबानाभाभी दोनदा डोकावून गेल्या, पण त्यांच्या एकटीच्यानं माय उचलणार कशी.

९ ऑक्टो., गुरुवार
शेंद्र्याच्या कंपनीतून सुपरवायझरचा फोन. "दिगंबर, एक डिसेंबरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात नाही." माणूस चांगला. मायचे पैसे सुरू झाले की सकाळच्या पाळीपुरती एक बाई लावायची अन् मी कंपनीत. एवढंच पाहिजे. काय लई मोठं मागतोय का मी?
कचेरीबाहेर जो फॉर्म भरून देतो त्यानं वाट दाखवली. रेशनकार्ड फोडा. तुमचं वेगळं, मायचं वेगळं. मग तलाठी घरी येऊन बघून जातो, म्हातारी एकटी राहते का. सगळे असंच करतात म्हणे. सगळे करतात तर मीच काय हरिश्चंद्र लागून गेलो?

४ नोव्हें., मंगळवार
कार्ड फुटलं. मायच्या कार्डावर एकच नाव. मी कागदावर गल्लीच्या टोकाच्या खोलीत राहतो, जिथं मी कधी पायसुद्धा ठेवला नाही. मायला दाखवलं. तिनं चष्मा मागितला, बोट फिरवलं. "तुझं नाव कुठंय?" म्हटलं मागच्या पानावर.

११ नोव्हें., मंगळवार
उद्या तलाठी येणार. पाणी आजच आलं, नवव्या दिवशी, त्यामुळं निम्मा दिवस भरण्यात गेला. मग मायकडून पाठ करून घेतलं. "म्हणायचं, मला कुणी नाही, एकटीच राहते." तिनं तोंड फिरवलं.
"जितं लेकरू समोर असताना मला कुणी नाही म्हणू व्हय? जीभ झडंल माझी."
अगं, नुसतं बोलायचंय.
"बोलल्यानंच लागतंय."
तासभर डोकं खाल्लं. शेवटी बरं म्हणाली. मला काय तो सूर पटला नाही.

१२ नोव्हें., बुधवार
सकाळीच माझं सामान पिशवीत भरलं. दाढीचं, दोरीवरचे बनियन, चपला, दुसरं ताट. सगळं एकाच पिशवीत मावलं. चोपन्न वर्षं अन् एक पिशवी, वा रे गड्या. जाऊन बसलो भाभींच्या स्वयंपाकघरात. मधली भिंत एकच, सगळं ऐकू येतं.
तलाठी कोवळाच होता. "आजी, घरात कोण कोण असतं?"
माय: "मी अन् माझा दिगू. ह्या भिंतीपल्याड लपून बसलाय. हाक मारू? च्या लई झ्याक करतो. तोच करतो माझं सगळं. लोकांच्या सुनांना नाय जमत एवढं."
कौतुक चाललं होतं माझं! भाभी तोंडावर पदर धरून हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या.
तलाठी दारात आला. मी पिशवी घेऊन उभा, चोर सापडावा तसा. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "घराला कुलूप होतं असं लिहितो. पुढच्या आठवड्यात परत येतो. समजावा त्यांना." जागेवरून न हलणाऱ्या बाईच्या घराला कुलूप. देव त्याचं भलं करो.
त्यानंतर मी ओरडलो. तुझ्यापायी माझं वाटोळं झालं, असं म्हणालो.

१३ नोव्हें., गुरुवार
जेवली नाही. दूध-भाकर कुस्करून दिली, भिंतीकडं तोंड. पाय चेपले, ते चेपू दिले. भाभी म्हणाल्या, "भैया, माँ को ऐसा बोलते क्या? नक्को बोलो." नक्को बोलो. बोलून बसलो ना. आता काय करू? जीभ कापून देऊ का?

२० नोव्हें., गुरुवार
तलाठी आला. मी परत भाभींकडं, पिशवीसकट. या वेळी पढवलं नव्हतं, धीरच झाला नाही.
"आजी, कोण असतं घरात?"
"कुणी नाही, साहेब. मी एकटीच."
"मुलंबाळं?"
"एक पोरगा होता."
होता. एवढं मी सांगितलं नव्हतं. मला पाहिजे तेच ती बोलली. भाभींनी पुढं ठेवलेला चहा तसाच राहिला.
तो गेल्यावर घरात आलो. माय म्हणाली, "मीठ-मोहरी आण. दोन सुक्या मिरच्या आण. बस इथं."
माय, काय हे.
"बस म्हणते ना!"
हात खांद्याच्या वर जात नाही तिचा. मी खाली वाकलो, डोकं तिच्या मांडीला लावलं. निम्मं मीठ माझ्या मानेवर सांडलं. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, आणि शेवटी माझी, मायची, असं म्हणत सात वेळा उतरवलं. मी तव्यावर टाकलं. मिरच्यांचा ठसका आलाच नाही.
"बघ, केवढी लागली होती," म्हणाली. मग जेवली. मी रडलो ते भांडी घासताना, नवव्या दिवशी आलेला नळ सोडून. पाणी वाया गेलं.

२७ नोव्हें., गुरुवार
कचेरीत जाऊन आलो. अहवाल पोचलाय. पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. बैठक कधी? ठरली की कळेल.

३० नोव्हें., रविवार
उद्या एक तारीख. दुपारी मायचे केस विंचरत होतो. तिनं विचारलं, "मंजूर झालं का रं?"
नाही अजून.
"मग मी बोलले ते?"
ते काय?
"ते माघारी घेता येतंय का विचार. नसतील देत तर माझा शब्द परत द्या म्हणावं."
हो म्हटलं, विचारतो. वेणी घालून दिली, वाकडीच झाली. सुपरवायझरचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. सकाळी करायचाय. काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.