घरच्या हाडांवर निभावलं

चि. जावईबापू यांस,

सासूबाईंचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. सासऱ्यांचेही आहेत, पण सध्या एकाच हाताने. कारण ओघात येईलच. तुमची आणि बारकीची तब्येत ठीक आहे असं धरून चालते (बारकी फोनवर ‘मजेत’ एवढंच सांगते, त्यावरून आईला कळायचं ते कळतं). इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे जेवतो आहोत, झोपतो आहोत आणि हाडं सगळी घरातच आहेत.

पत्रास कारण, तुम्ही पाठवलेलं ‘सर्वांगबळ’ यंत्र पोचलं आणि त्याच्या खोक्यावर छापायला सासऱ्यांचे चार शब्द हवेत हा निरोपही पोचला. ते चार शब्द ह्यांनी सांगितले आणि मी उतरवून घेतले, ते असे: ‘सर्वांगबळ वापरू लागल्यापासून माझ्या आयुष्यात मोठा बदल झाला. आता मी पूर्वीसारखा राहिलो नाही.’ यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त ते खरं कसं झालं हे छापण्यापूर्वी तुमच्या कानावर घालावं, म्हणून पुढचं मी माझ्या मनाने लिहिते आहे.

आधी तुमचे आभार, आणि तोंडदेखले नव्हेत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे ते जेवायलाच उठायचे. बोलणं विचाराल तर ‘हं’ आणि ‘हंहं’ (पहिल्याचा अर्थ हो, दुसऱ्याचा अर्थ पुन्हा विचारू नकोस). मी सांगून सांगून थकले. आणि तुमचं खोकं दारात आलं त्या दिवशी हा माणूस आपणहून उठला, माळ्यावरून पाना काढला, अख्खी दुपार जमिनीवर फतकल मारून यंत्र जोडलं आणि मला हाक मारून दाखवलं. ‘आमच्या जावयाने स्वतः बनवलंय’ हे दूधवाल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. नवरा परत मिळाला मला. त्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

यंत्र दिसायला मोठं देखणं आहे. सरकती गादी, दोन्ही बाजूंना स्प्रिंगांच्या मुठी, पायाला पट्टे. व्यायाम करताना कुणालाही काही होत नाही, हे मी शपथेवर सांगेन. होतं ते उठताना. ताणून अडकवलेल्या मुठी सोडायचा खटका तुम्ही गादीच्या उजव्या कडेला बसवलाय ना, नेमका तिथेच माणूस उठताना हात टेकतो. हात टेकला की खटका दबतो, मुठी सुटतात आणि परत येताना वाटेत जो कोण असेल त्याला भेटून जातात. पहिल्यांदा ह्यांच्या हनुवटीला भेटल्या. हे म्हणाले, सवय नाही म्हणून. पुढच्या खेपेला कानशील. हे म्हणाले, माझंच लक्ष नव्हतं (इतकी उदार कारणं बायकोच्या चुकांसाठी मी आजवर ऐकलेली नाहीत). मग एकदा दोन्ही मुठी एकदम आल्या, त्या चुकवायला गेले, गादी खालून सरकली आणि पडले ते उजव्या मनगटावर. जन्मभर शिक्के मारून जे मनगट कधी कुरकुरलं नाही, ते आता प्लास्टरमध्ये आहे. मी म्हणाल तर व्यायाम करायलाही बसले नव्हते हो. गादी मऊ आहे म्हणून सदऱ्याला बटण लावायला टेकले होते. अंबाडा होता म्हणून डोकं वाचलं. अंबाड्याचा उपयोग या वयात कळला, त्याबद्दलही आभार.

खरी गंमत पुढेच. जावयाच्या मालाला बट्टा लागू नये म्हणून ह्यांनी दवाखान्यात सांगितलं की न्हाणीघरात पाय घसरला. हनुवटीला न्हाणीघर, कानशिलाला न्हाणीघर, मनगटालाही न्हाणीघरच. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी वादावादी होते का. हात उचलता का, हे तोंडाने नाही विचारलं, पण नजरेने विचारलं. ज्याच्या ‘हंहं’वर अख्खा संसार काढला त्याला मी मारते असा आळ आला. मग प्लास्टर बघायच्या निमित्ताने ते घरीच आले (न्हाणीघर बघायला आले असणार, कारण आधी तिथेच डोकावले). आमचं न्हाणीघर कोरडं ठणठणीत, वर खरखरीत फरशी. ते मान हलवत औषध लिहून द्यायला बसले, आणि बसले नेमके तुमच्या गादीवर. मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत उठलेसुद्धा. आता त्यांच्या भुवईवर पट्टी आहे आणि माझ्यावरचा आळ गेला आहे. ह्यांनी त्यांचे हात धरून विनवलं की कुणी विचारलं तर तुम्हीही न्हाणीघरच सांगा.

एवढं कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. तुम्ही नोकरी सोडून कारखाना काढलात तेव्हा थोरले भाऊजी भरल्या घरात म्हणाले होते, जावई आता स्प्रिंगा विकणार. यंत्र आलेलं पाहून म्हणाले, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तेव्हापासून भाऊजी यायच्या वेळेला हे यंत्रावर बसलेले असतात, प्लास्टरसकट, एका हाताने ओढत. दुसरं हाड मोडून घेतील, पण तुमच्या यंत्राला कुणी नावं ठेवलेली चालायची नाहीत. त्यांना बघून मला राग येतो, आणि तरी भाऊजींच्या आधी चहा मी ह्यांनाच देते. बाप पोटच्या पोरासाठी करणार नाही एवढं हा माणूस तुमच्यासाठी करतोय, जावईबापू.

कळावं, आणि कळल्यावर रागावू नये.

तुमची,
सासूबाई

ता. क. ते चार शब्द छापू नका. आणि तो खटका तिथून हलेपर्यंत एकही यंत्र दुकानात धाडू नका, ही हात जोडून विनंती. कारखान्यात सगळी तयार होऊन पडली आहेत, दुकानदाराला शब्द दिलाय, हे बारकीने सांगितलंय मला. तरीही नका. पहिलं यंत्र आमच्याकडे आलं हे नशीबच म्हणायचं, घरच्या हाडांवर निभावलं. आम्हाला लागलं तर आम्ही न्हाणीघराचं नाव सांगू. परका माणूस तुमचं सांगेल.

आणखी ता. क. मी काही कळवलंय हे ह्यांना कळू देऊ नका. ‘सुधारित खटका आलाय’ म्हणून तुम्हीच सहज येऊन बसवून जा.

शेवटची ता. क. पाकीट चिकटवायच्या आत पत्र ह्यांच्या हाती लागलं. वाचून लालेलाल झाले आहेत आणि खाली डाव्या हाताने स्वतः काहीतरी खरडायचं म्हणताहेत. मला बघू देणार नाहीत म्हणे.

जावईबापू, तुमच्या सासूबाईंना राईचा पर्वत करायची सवय आहे. यंत्रात काडीचा दोष नाही. माझे चार शब्द खुशाल मोठ्या अक्षरात छापा. फक्त आमच्या बारकीला त्यावर बसू देऊ नका.