काचेवरचा मळ

प्रिय धाकट्या,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते, म्हणून लिहितेय. आई म्हणाली, तू पंधरा दिवस किनाऱ्याकडे फिरकलाही नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडतोस आणि खाणं जास्त टाकून पिंजऱ्यातले मासे मीच मारले, एवढंच बोलतोस. शुक्रवारी मत्स्यपालनाचा परवाना परत करायला निघालायस, असंही कळलं.

माझ्या कामाची तू नेहमी टर उडवतोस, तरी आज नीट ऐक. तुझ्या पिंजऱ्यांजवळ बसवलेला आमचा सेन्सर पाण्यात निळा प्रकाश टाकतो. शेवाळाचे बारीक कण त्यात लालसर चमकतात. चमक जास्त, तर शेवाळ जास्त. भानगड एवढीच, की सेन्सरच्या काचेवर बुळबुळीत थर साचतो आणि तोही चमकतो. मग पाणी चांगलं असूनही आकडा हळूहळू चढतो. म्हणून दर पंधरवड्याला बोटीने जाऊन काच पुसायची आणि मधल्या दिवसांत तेवढा मळ आकड्यातून वजा करायचा, ही आमची रीत. शंका आली, तर बाटलीभर पाणी आणून तपासायचं.

मी आठवडाभराच्या रजेवरून परतले तेव्हा आकडा चढत होता. पुसायची तारीख उलटलेली, समुद्र खवळलेला, माझी कंबर धरलेली. मळच असणार, असं धरून मी खुर्चीत बसल्या बसल्या वजाबाकी केली. नऊ वर्षं हेच करत आलेय, हात सवयीने चालला. बाटली भरायलाही गेले नाही. त्याच रविवारी तू फोन करून विचारलंस, ताई, पाणी तपकिरी दिसतंय, काही आहे का. मी हसले. तुला जिथेतिथे भुतंच दिसतात, म्हणाले. बिनधास्त खाणं घाल, असंही म्हणाले.

बुधवारी पहाटे शेवाळाने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला आणि तुझे मासे उलटे तरंगले. गुरुवारी मी सेन्सर वर काढून काच पुसली, तर फडकं पांढरं ते पांढरंच. माझ्या रजेत कामावरच्या सोबतिणीने काच पुसली होती आणि वहीत तसं लिहिलंही होतं. ते पान मी उघडलंच नव्हतं. बोटीच्या कडेवर बसून मी किती वेळ रडले, मलाच ठाऊक नाही.

तुझी चूक नव्हती रे. माझी होती. आणि तू चौकशीला आलेल्या माणसांपुढे माझं नावही काढलं नाहीस, हे आईकडून कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सकाळी मी सगळं लिहून आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. यंत्राचा बिघाड म्हणून मिटवू या, असं ते म्हणत होते. मी नाही म्हटलं. नोकरी राहील असं वाटत नाही. त्या कबुलीची सहीशिक्क्यासह प्रत या पाकिटात आहे. शुक्रवारी ती घेऊन जा, परवान्याच्या साहेबाच्या पुढ्यात ठेव. माझ्याशी जन्मभर अबोला धरलास तरी चालेल, पण परवाना सोडायच्या कागदावर सही करू नकोस.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
ताई