हरवलेली दोन उत्तरं

काटोल,
८ ऑक्टोबर २०२४

चि. मिनलस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर गणित विचारलं की तू नुसतं उत्तर पाठवतेस, कारण लिहीत नाहीस. म्हणून आत्याचं हे पत्र. लग्नात सुटलेली बारावी यंदा बाहेरून देते आहे, त्यात हौसेनं गणित घेतलं. ते ठेवायचं की विषय बदलायचा, हे महिनाअखेरीस शाळेत कळवायचं आहे. घरी तुझे फुवाजी रोज विचारतात, की या वयात काहून डोकं तापवून राहिली.

गाडी साइन २θ = साइन θ इथे अडली. नित्यसमानतेनं डावीकडे २ साइन θ कॉस θ झालं. संत्र्याच्या मंडीत दोन्ही पारड्यांतलं सारखं क्रेट उतरवतो, तसं मी दोन्हीकडचं साइन θ उतरवलं. उरलं कॉस θ = १/२, म्हणून π/३ आणि ५π/३. पण एका फेरीत पुस्तक चार उत्तरं देतं. माझी दोन कुठे गेली? आणि साठ अंशांना सरळ साठ म्हणायचं सोडून π/३ काय म्हणून?

तुझी वाट पाहणारी,
सुभद्राआत्या

धरमपेठ, नागपूर,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

क्रेट उतरवणं म्हणजे वजाबाकी. तू तर साइन θ नं भागलंस. तो शून्य असला तर भागताच येत नाही, आणि तुझी ० आणि π ही उत्तरं नेमकी तिथेच होती. आधी सगळं एका बाजूला आण: साइन θ (२ कॉस θ − १) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी कोणीतरी शून्य. दोघांनाही विचारायचं.

रेडियनसाठी परात घे. मध्यापासून काठापर्यंतच्या लांबीचा दोरा काप आणि काठावर बसव. त्याच्या दोन टोकांनी मध्याशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन. अर्ध्या काठावर किती दोरे बसतात ते मला कळव, आणि डोकं तापलंच तर फुवाजींकडून संत्र्याचा रस करून घे.

तुझी लाडकी,
मिनल

काटोल,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. मिनलस,
अ. उ. आ. वि. वि.

तीन दोरे आणि वर जरासं. मग वाटीला तिच्या मापाचा दोरा लावला, तरी तेवढंच. म्हणजे हाच तो π, आणि साठ अंश त्याचा तिसरा हिस्सा. फुवाजी म्हणे, भाकरी कशात थापतं आता. पण थोड्या वेळानं स्वतःच झाकण आणि दोरा घेऊन बसले.

काल २ साइन²θ + ३ कॉस θ = ३ एकटीनं सोडवलं. साइन²θ च्या जागी १ − कॉस²θ घातलं आणि कशानंही भागलं नाही. ०, π/३, ५π/३ आलं. तिन्ही कोन समीकरणात घालून पाहिले, बसले.

आज शाळेत सांगून आले, की गणितच ठेवते. तिथल्या बाईंनी विचारलं, या वयात याचा उपयोग काय. पुढच्या प्रकरणात साइनची किंमत हाती घेऊन उलटं कोनाकडे जायचं असतं असं दिसतं, ते कसं जातात हे मला पाहायचं आहे, एवढंच म्हणाले.

माया अशीच राहू दे,
सुभद्राआत्या